आखाजीच्या उन्हात गाडीचा काटा वर जातो तेव्हा



आखाजी आली की आपल्या खान्देशात लेकी माहेरी यायला निघतात. त्याच्या मागंपुढंच लग्नं, त्याआधी चैत्रातली सप्तशृंगी गडाची यात्रा. आणि नेमक्या याच दिवसांत जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या घरात जातो. वर्षभर मुकाट्यानं चालणारी घरची किंवा गटाची जुनी गाडी अशा वेळी लळिंगच्या घाटात वाफा सोडत उभी राहते. आत लहान लेकरं, म्हाताऱ्या आत्याबाई, डब्यात पुरण, आणि बाहेर सावलीला एक झाड नाही. म्हणून आजचा विषय: गाडी गरम का होते, ते आपल्याला आपलं कसं ओळखता येईल, आणि मिस्तरीकडं जाताना काय सांगायचं.

काही जणी म्हणतील, हा पुरुषांचा विषय. पण आता किती तरी गटांकडं स्वतःची गाडी आहे. आमच्याच गटाकडं जुनी ओम्नी आहे. केळीचे वेफर्स, शेवया आणि पापड बाजारात पोचवायला घेतलेली, तिसऱ्या हातची. मारुतीनं ही व्हॅन 1984 साली आणली आणि 2019 साली बंद केली, म्हणजे आज रस्त्यावर जी ओम्नी दिसते ती जुनीच असणार. तशाच जुन्या मारुती 800, काळीपिवळी जीप, पहिल्या पहिल्या बोलेरो. या गाड्या साध्या आहेत. त्यांचं दुखणं डोळ्यांनी, हातानं आणि नाकानं बरंचसं कळतं.

आधी काय घडतं ते समजून घेऊ. इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळतं, पण त्या जाळातला ढोबळमानानं एक तृतीयांश भागच चाकं फिरवायला कामी येतो. तेवढीच धग सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या अंगात राहते. ती काढून न्यायला इंजिनाभोवती पाणी फिरवलेलं असतं. एक पंप पाणी ढकलतो, त्याला आपले मिस्तरी वॉटर बॉडी म्हणतात. तापलेलं पाणी वरच्या जाड रबरी पाइपातून पुढच्या जाळीमागच्या रेडिएटरमध्ये येतं, तिथल्या बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्यानं निवतं आणि खालच्या पाइपातून परत इंजिनात जातं. गाडी पळत असली की वारा आपोआप लागतो. उभी असली की पंखा वारा देतो.

आता उन्हाळ्याचा हिशेब बघा. रेडिएटरमधलं पाणी साधारण 90 अंश असतं. बाहेरची हवा 30 अंश असेल तर दोघांत 60 अंशांचा फरक, आणि 45 अंश असेल तर 45चाच. जेवढा फरक जास्त तेवढं पाणी लवकर निवतं. म्हणजे थंडीच्या दिवसांपेक्षा वैशाखात तोच रेडिएटर जवळजवळ पाव भाग कमी काम करतो. पावसाळ्यात, हिवाळ्यात जो दोष लपून राहतो तो आखाजीला उघडा पडतो, तो यामुळं. ऊन एकटं गाडी बिघडवत नाही. धडधाकट गाडी आपल्या उन्हातही भुसावळहून धुळ्यापर्यंत काटा न हलवता जाते.

यातली एक गोष्ट आपल्याला पुरुषांपेक्षा चांगली कळते. ती म्हणजे रेडिएटरचं झाकण. ते नुसतं झाकण नाही, ती कुकरची शिट्टी आणि रबर आहे. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांच्या आसपास उकळतं. कुकरमध्ये दाब धरला जातो, म्हणून आत पाणी 120 अंशांपर्यंत तापतं आणि डाळ लवकर शिजते. रेडिएटरचं झाकणही असाच दाब धरतं, त्यामुळं आतलं पाणी 100च्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकणाचं रबर चिरलं किंवा स्प्रिंग सैल झाली की दाब निसटतो आणि पाणी आधीच उकळायला लागतं. रबर गेलेल्या कुकरची शिट्टी होत नाही, तसं. घाटात वारंवार पाणी उडवणाऱ्या कित्येक गाड्यांचा आजार या एवढ्याशा झाकणात असतो. ते स्वस्त मिळतं, पण आपल्याच गाडीच्या दाबाचं घ्यावं. दाबाचा आकडा झाकणावर छापलेला असतो.

आणि कुकर समजला की पुढची गोष्ट सांगायला नको. शिट्टी न काढता, वाफ न जिरवता आपण कुकर उघडतो का? तापलेल्या गाडीचं झाकण फिरवणं म्हणजे तेच. दाब सुटल्याबरोबर आतलं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर, छातीवर, हातावर येतं. आमच्या गटातल्या एका ताईचा मनगटापासून कोपरापर्यंत हात असाच भाजला. ओलं फडकं धरून उघडते म्हणाल्या. फडक्यानं वाफ थांबत नाही. इंजिन बंद करून निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्यायचा. वरचा जाड पाइप चिमटीत धरून बघायचा, तो कडक लागला तर आत अजून दाब आहे. मऊ आणि कोमट झाला की मगच जाड गोणपाट ठेवून झाकण थोडंसं फिरवायचं, फुस्स आवाज पूर्ण थांबला की काढायचं, आणि तोंड बाजूला ठेवायचं.

भाजलंच तर बांगड्या, अंगठी लगेच काढा, कारण सूज चढली की त्या निघत नाहीत. साध्या वाहत्या पाण्याखाली भाजलेला भाग 20 मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको. स्वच्छ फडक्यानं अलगद झाका आणि दवाखाना गाठा. तोंड, डोळे भाजले असतील किंवा मोठा भाग असेल तर 108ला फोन करा.

आता रस्त्यात काटा वर चढताना दिसला तर काय करायचं ते सांगते. घाबरून रस्त्याच्या मधेच थांबू नका. एसी असेल तर बंद करा, खिडक्या उघडा. गाडीला हीटर असेल तर तो पूर्ण उघडा आणि त्याचा पंखा जोरात लावा. ऐन मे महिन्यात हीटर लावणं वेडेपणाचं वाटेल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनाची धग आपल्याकडं ओढून घेतो. आपण पाच मिनिटं घामाघूम होऊ, इंजिन वाचेल. काटा तरीही लाल रेघेला टेकला, वाफ दिसली, गोडसर वास आला किंवा इंजिनातून टकटक आवाज यायला लागला, तर बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. सगळ्यांना उतरवून सावलीत न्या. इंजिनावर थंड पाणी ओतू नका. तापल्या खापरावर पाणी शिंपडलं तर काय होतं ते मांडे करणाऱ्या बाईला माहीत आहे. इंजिनाचं हेडही तसंच तडकतं किंवा वाकतं.

बोनेट उघडलं असेल तर पदर खोचून घ्या, ओढणी काढून ठेवा, वेणी मागं बांधा. मारुतीसारख्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो, आणि काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरायला लागतो. जीपमध्ये तो पट्ट्यावर चालतो आणि पट्ट्यात ओढणी अडकली तर ती ओढून घ्यायला क्षणही लागत नाही.

गाडी निवली, पाणी भरलं, घरी आलो. आता दोष शोधायचा. आमच्या ओम्नीच्या बाबतीत पहिल्यांदा काय झालं ते ऐका. बाजारात माल उतरवताना, गाडी चालू ठेवून उभी असताना काटा चढायचा. गावाकडं परत निघालो की रस्त्यावर पुन्हा खाली यायचा. एका गॅरेजमध्ये सांगितलं, हेड खोलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही गाडी तशीच घरी आणली. मग एका म्हाताऱ्या मिस्तरीकडं नेली. त्यांनी बोनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला: ताई, उभी असताना तापते की पळताना?

सगळं निदान या एका प्रश्नावर उभं आहे. म्हणून आधी हे बघून ठेवा, लिहून ठेवा.

उभी असताना किंवा गर्दीत हळू चालताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष बहुतेक पंख्याचा. पळताना वारा बाहेरून मिळतो, उभ्या गाडीला पंख्याशिवाय कोणी नाही. विजेचा पंखा असेल तर गाडी अंगणात चालू ठेवून थांबा. काटा मधल्या खुणेच्या थोडा वर गेला की पंखा घरघरायला हवा. नाही फिरला तर पहिल्यांदा फ्यूज बघायचा, तो काही रुपयांचा असतो. फ्यूज बरा असेल तर मिस्तरी पंख्याची मोटर थेट बॅटरीला जोडून बघतो. मोटर फिरली म्हणजे ती चांगली आहे, दोष स्विचचा, रिलेचा किंवा वायरचा. नाही फिरली तर मोटर गेली. ही तपासणी दहा मिनिटांची आहे. आमच्या गाडीत पंख्याच्या स्विचची वायर निसटलेली होती. हेड खोलायचा तो खर्च वाचला.

जीप, जुनी बोलेरो यांचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. तिथं गाडी बंद करून, किल्ली काढून, पट्टा दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं दाबून बघा. साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक. जास्त लोंबला तर सैल आहे, घसरतो आहे. पट्ट्याला आडव्या भेगा असतील तर बदलून टाका. बहुतेक जुन्या गाड्यांत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो आणि बॅटरीही चार्ज करतो. म्हणून चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ काटा वर चढू लागला, तर पट्टा तुटला असं समजा आणि तिथंच थांबा. पुढं एक किलोमीटरही जाऊ नका.

याच्या उलट, उभी असताना बरी असते आणि घाटात, महामार्गावर किंवा भरगच्च भरल्यावर तापते, तर पाणी किंवा वारा पुरेसा वाहत नाही. लळिंग, साक्री-नवापूर मधला कोंडाईबारी, चाळीसगावहून कन्नडला जातानाचा औट्रम घाट, नांदुरीहून गडावर चढतानाचा रस्ता, या सगळ्या आपल्या गाडीच्या परीक्षा आहेत. इंजिन जास्त जाळ करतं आणि वेग मात्र कमी असतो, म्हणजे वारा कमी. इथं पहिला संशय रेडिएटरवर.

रेडिएटर दोन ठिकाणी तुंबतो, बाहेरून आणि आतून. बाहेरून कसा, ते घरच्या कूलरवरून समजेल. जाळीत धूळ बसली की कूलर वारा देत नाही. आपल्याकडं कापसाचे पुंजके, गव्हाचा भुसा, मेलेले किडे, पावसाळ्यातला चिखल रेडिएटरच्या बारीक पात्यांत बसतो. टॉर्च एका बाजूनं धरून दुसऱ्या बाजूनं बघा. उजेड दिसत नसेल तर वाराही जात नाही. गाडी पूर्ण थंड असताना साध्या नळीनं, हलक्या धारेनं, इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला धुवा, म्हणजे कचरा आला त्या वाटेनं परत जातो. सर्व्हिसिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर पाती वाकतात आणि वाट कायमची बंद होते.

इथंच एक आठवलं. वरातीसाठी गाडी सजवतात तेव्हा पुढची अख्खी जाळी फुलांच्या चादरीनं झाकतात. मग तासभर गाडी डीजेच्या मागं पायी माणसाच्या चालीनं. वेगाचा वारा नाही, पंख्याला ओढायला हवा नाही, आणि आत नवरदेवासाठी एसी चालू. अशी गाडी तापली तर तिचा काही दोष नाही. फुलं बोनेटवर लावा, दारांवर लावा, जाळी मोकळी सोडा.

आतून तुंबणं हा आपल्या पाण्याचा प्रसाद. बोअरचं पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरा खरखरीत थर येतो, तो खरवडूनही निघत नाही. रेडिएटरच्या नळ्या तर अगदी बारीक असतात. त्यांत वर्षानुवर्षं तेच बोअरचं पाणी ओतलं की तोच थर तिथं बसतो, त्यात गंजाची भर पडते. थंड गाडीचं झाकण उघडून बोट आत फिरवा. तपकिरी गाळ लागला तर उत्तर मिळालं. दुसरी खूण पाइपांची. तापलेल्या गाडीचा वरचा पाइप कढत आणि खालचा अगदी गार असेल तर पाणी रेडिएटरमधून खाली येतच नाही. हे बघताना पाइपाला हात टेकवू नका, जवळ नेऊनच धग कळते. आणि पंखा, पट्टा यांपासून दूर.

गाळ थोडा असेल तर थंड गाडीतलं पाणी खालून सोडायचं, स्वच्छ पाणी भरायचं, गाडी थोडी चालवून निवू द्यायची, पुन्हा सोडायचं, असं नितळ पाणी येईपर्यंत करायचं. जास्त असेल तर रेडिएटरच्या कारागिराकडं न्यावा लागतो. जुन्या जीपचे तांब्या-पितळेचे रेडिएटर उघडून, नळ्यांत सळई घालून साफ करता येतात. अलीकडच्या ॲल्युमिनियमच्या, प्लास्टिकच्या टाकीच्या रेडिएटरला ते झेपत नाही. टाकी तडकली असेल तर बदलणंच बरं.

तिसरा प्रकार: सकाळी गार गाडी काढली आणि चार-पाच किलोमीटरवरच काटा चढला. एक तर पाणीच नाही, किंवा वॉटर बॉडी फिरत नाही, किंवा थर्मोस्टॅट वॉल अडकला. हा वॉल म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार. इंजिन गार असताना ते बंद राहतं, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या उष्णतेला येतं. पाणी 80 ते 90 अंशांच्या दरम्यान पोचलं की दार उघडतं. ते बंद अवस्थेत अडकलं की काटा वर असतो आणि वरचा पाइप मात्र गारच राहतो. पण आधी पाणी पुरेसं आहे ना, हे थंड गाडीत बघून घ्या, कारण पाणी संपलेल्या गाडीचाही पाइप गार लागतो.

या वॉलची परीक्षा तर चुलीवर होते. मिस्तरीनं काढून दिलेला वॉल दोरीनं बांधून, टाकाऊ पातेल्यात पाण्यात अधांतरी सोडा आणि पाणी तापवा. पाण्याला उकळी फुटायच्या आत त्याचं तोंड उघडताना दिसायला हवं. खळखळ उकळी आली तरी बंद असेल तर तो गेला. पातेलं पुन्हा स्वयंपाकात आणू नका, त्याचं कारण पुढं सांगते.

बरेच मिस्तरी म्हणतात, आपल्या भागात थंडी कुठं पडते, वॉल काढूनच टाकतो. पुष्कळ गाड्यांतून तो काढलेला असतोही. मला हे पटत नाही. वॉल नसेल तर इंजिन बराच वेळ गार राहतं, तेल जास्त पितं, आतून जास्त झिजतं. आणि काही इंजिनांत वॉल काढल्यावर पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातो, म्हणजे ऐन घाटात गाडी उलट जास्त तापते. अडकलेल्या वॉलनं रस्त्यात अडवलं तर त्या दिवसापुरता काढणं ठीक, नंतर नवा बसवावा.

आता पाणी कमी होणं. रेडिएटर ही बंद व्यवस्था आहे, त्यातलं पाणी दर आठवड्याला संपायचं कारण नाही. वारंवार भरावं लागत असेल तर ते कुठं तरी जातंय. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी डाग कुठं पडला ते बघा. पाइपांच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे, वॉटर बॉडीखालचं बारीक छिद्र, इथं पांढरे किंवा हिरवे ओघळ सुकलेले दिसतात. पाइप दाबल्यावर फुगीर, चिरलेला किंवा अगदी लिबलिबीत लागला तर बदला. गाडी निवल्यावर पाइप चपटा झालेला दिसला तर पुन्हा झाकणच तपासा. ते आत हवा-पाणी परत घेऊ देत नाही.

रेडिएटरला बारीक छिद्र पडलं की त्यात हळद टाकतात, हे तुम्ही ऐकलं असेल. हळद फुगून छिद्रात बसते आणि गळती थांबतेही. पण ती हळद चांगल्या नळ्यांतही बसते. घरी पोचण्यापुरता उपाय म्हणून एकदा चालेल, लगेच पाणी काढून धुवून घ्यायचं आणि छिद्र बुजवायचं.

बाहेर थेंब नाही, तरी पाणी कमी होतं, तर ते आत जातंय. हेड आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्या मधल्या गॅस्केटमधून. त्याच्या खुणा वेगळ्या आहेत. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी, गोड वासाची वाफ येत राहते. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढुरका फेस दिसतो. थंड गाडीचं रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली की पाण्यात सतत बुडबुडे येतात. गार गाडी चालू केल्याबरोबर वरचा पाइप कडक होतो. यांतल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर मात्र हेड खोलावंच लागतं, आणि तेव्हा मिस्तरीनं तसं सांगितलं तर तो फसवत नाही. हेड खोलल्यावर ते सपाट आहे का हे पट्टी लावून बघायला सांगा. वाकलं असेल तर फेसिंग करून घ्या. नुसतं नवं गॅस्केट वाकल्या हेडवर टिकत नाही.

आमची गाडी दुसऱ्यांदा तापली तेव्हा असंच झालं, आणि ते आमच्या चुकीनं. पाइप फुटून पाणी वाहून गेलं होतं. काटा वर चढला, आणि मग आपोआप खाली आला. गाडी चालवणारी म्हणाली, निवली बाई. आम्ही पुढं निघालो. काट्याला उष्णता सांगणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच संपलं की तो कोरडा पडतो आणि खोटं बोलतो. आतलं इंजिन भट्टी झालेलं असतं आणि काटा गार दाखवतो. सहा-सात किलोमीटरवर गाडी बंद पडली. हेड वाकलं, गॅस्केट जळालं. गटाची तीन महिन्यांची बचत त्यात गेली, वेफर्सच्या दोन ऑर्डरी हातच्या गेल्या. वर चढलेला काटा कारण नसताना खाली आला तर थांबायचं आणि गाडी निवल्यावर पाणी बघायचं.

पाणी कोणतं भरायचं? साधं नाही, कूलंट. ते उकळायला जास्त उष्णता लागते आणि ते गंज व थर धरू देत नाही. घट्ट कूलंट असेल तर साधारण निम्मं कूलंट, निम्मं पाणी. तयार मिसळलेलं असेल तर तसंच ओतायचं, हे बाटलीवर लिहिलेलं असतं. मिसळायचं पाणी डिस्टिल्ड असावं, नाहीच तर गावातल्या आरओ प्लांटचं. रंग सारखा म्हणून दोन वेगळी कूलंट एकत्र करू नका. वाटेत अडलो तर पिण्याचं साधं पाणी चालेल, घरी आल्यावर ते बदलायचं.

आणि पातेल्याचं कारण हे. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि जहर असतं. लेकरू, कुत्रं, वासरू ते आवडीनं चाटतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. सांडलेलं लगेच भरपूर पाण्यानं धुवा, काढलेलं कूलंट गोठ्याजवळ, नालीत ओतू नका, झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीही ठेवू नका. कोणी प्यायलं तर वाट न बघता दवाखान्यात न्या आणि डबा सोबत घ्या.

भरताना एक काळजी. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर पार पुढं, मधे लांब पाइप. त्यांत हवा अडकते, वरून भरलेलं दिसतं आणि आत पोकळी राहते. म्हणून गाडीचं तोंड चढावर करा, हीटर असेल तर उघडा, हळूहळू ओता, गाडी चालू ठेवून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत थांबा, मग झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत पातळी पुन्हा बघा, थोडी खाली गेलेली असते.

आम्ही आता गाडीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन, एक जुना पट्टा, दोन क्लिपा, फ्यूज, गोणपाट आणि टॉर्च ठेवतो. डॅशबोर्डवर एक वही आहे. कोणत्या तारखेला किती पाणी घातलं आणि गाडी उभी असताना तापली की पळताना, एवढंच तिच्यात लिहायचं. मागच्या वेळी मिस्तरीनं गाडीला हात लावायच्या आधी वहीच वाचली आणि म्हणाला, ताई, झाकण आणा नवं.